दुसरी सही

फ्लाइंग क्लबात तिला सगळे बाई म्हणत. पाठीमागे तिला 'दोन सह्यांच्या बाई' असं दुसरं नाव होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. वय एक्कावन्न, उंची बेताची, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. छोट्या विमानांची मेकॅनिक म्हणून तिची सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली नऊ परदेशात, आणि ती नऊ वर्षंच तिच्या त्या नावाला कारण होती.

तिकडे नियम असा होता की विमानाला वळवणाऱ्या किंवा वर-खाली नेणाऱ्या कुठल्याही भागाला हात लावला, एक तार सैल केली किंवा एक पिन काढून परत घातली, तरी काम करणाऱ्याच्या सहीवर विमान उडत नसे. दुसऱ्या कोणी तरी ते काम पहिल्यापासून तपासायचं आणि खाली आपली सही करायची. तिच्या हँगरमध्ये ही दुसरी सही करणारा एक म्हातारा होता. बोलणं अगदी मोजकं. ती काम संपवून बाजूला झाली की तो दुरुस्तीचं पुस्तक उघडायचा, आणि हिने जणू काहीच केलेलं नाही अशा नजरेने एकेक नट बघत जायचा. पहिले सहा महिने तिला तो अपमान वाटला. घरी येऊन नवऱ्याजवळ धुसफुसायची. सातव्या महिन्यात त्याने तिची विसरलेली एक पिन नुसती बोटाने दाखवली आणि पुढच्या पानाकडे वळला. त्यानंतर तो रजेवर असला की तिलाच चुकल्यासारखं वाटायचं.

सासूबाईंनी अंथरूण धरलं म्हणून दोघं परत आली. इकडे एकच सही पुरत होती. ज्याने काम केलं त्यानेच लिहायचं की काम नीट झालं.

तिकडचं सगळंच चांगलं होतं असं ती कधी म्हणाली नाही. तिकडे खाजगी विमान उडवणारा आपली तब्येत ठणठणीत असल्याचं स्वतःच लिहून द्यायचा. असाच एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ चक्कर येऊन एका शेतात उतरला होता. बरोबरची बायको वाचली, तो नाही. इकडे दरवर्षी डॉक्टरांपुढे उभं राहावंच लागे. हे ती मोकळेपणाने सांगायची. पण एकाच सहीचं मात्र तिला पटलं नाही. क्लबात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने कामाच्या तक्त्यावर पट्टीने आणखी एक रकाना आखला, 'दुसरी सही', आणि क्लबाचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांना हाताला धरून खाली आणलं.

मास्तर भला माणूस. पंचावन्न वर्षांचे, हजारो तास उडालेले. पहिले काही महिने ते हौसेने आले. मग जिना उतरताना सुस्कारे टाकू लागले. क्लबाचे सेक्रेटरी तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या लग्नालासुद्धा एवढे साक्षीदार नसतील." सगळे हसले. तीही हसली. असं दीड वर्ष चाललं.

त्या शुक्रवारी तिच्याकडे दाताच्या डॉक्टरांचं विमान होतं. चार सीटचं, पांढरं, आणि डॉक्टरांचा त्याच्यावर भारी जीव. त्यांचं उडणं जेमतेम सव्वाशे तासांचं. विमानाच्या ट्रिमची तार झिजली होती, ती बदलायची होती. पायलटला नाक वर किंवा खाली ठेवायला सारखा जोर लावत बसावं लागू नये म्हणून शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक वीतभर रुंद पट्टी असते. पायलटच्या बाजूला एक चाक असतं. ते फिरवलं की तारा ओढल्या जातात आणि पट्टी हलते. चाक पुढे फिरवलं तर नाक खाली जायला हवं, मागे फिरवलं तर वर. यात डोक्याला चकवणारी गोष्ट एकच. नाक खाली यायचं तर पट्टी वर जावी लागते.

दुपारभर ती शेपटीच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालून होती. तारेची दोन टोकं दिसायला अगदी जुळी. ती बसवली, ताण मोजला, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. पट्टी लोण्यासारखी हलली. मग तक्ता हातात घेऊन ती मास्तरांना बोलवायला निघाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचली तेव्हा वर वर्ग चालू होता. मास्तरांचा आवाज येत होता. आधीच्या आठवड्यात ते तिला म्हणाले होते, "बाई, प्रत्येक पिनेसाठी मला खाली बोलवू नका, माझे गुडघे आता ऐकत नाहीत." वाक्य गमतीतच होतं. पण ती तिथेच थांबली, क्षणभर विचार केला आणि मागे फिरली. दुसऱ्या रकान्यावर एक आडवी रेघ मारली आणि पहिल्यात सही केली.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. काम झाल्यावरचं पहिलं उड्डाण, म्हणून एकटेच जाणार होते. वरच्या काचेच्या खोलीत मास्तर रेडिओपाशी बसले. बाई खाली हँगरच्या दाराशी हात पुसत उभी राहिली. आपण हात घातलेलं विमान जमीन सोडताना बघायची तिची सवय होती.

विमान सुटलं, पळालं, उचललं. तोवर सगळं नेहमीसारखं. मग नाक वर गेलं. थोडं वर जातंच, पण हे जरा जास्त होतं. तिला वाटलं, डॉक्टरांना आज हुरूप आलेला दिसतो. नाक आणखी वर गेलं. विमान वर चढण्याऐवजी हवेत टांगल्यासारखं दिसू लागलं, आणि इंजिनाचा आवाज दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा झाला.

विमान बघता बघता तिचा उजवा हात आपसूक हलत होता. तो हात कालचं चाक फिरवत होता. चाक पुढे. आणि पट्टी? काल पट्टी कुठे गेली होती? तिने पट्टी हलताना पाहिली होती, सुरळीत, अडथळा न येता. कुठल्या दिशेला, ते तिने पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. चाक पुढे, पट्टी खाली. ते चित्र आत्ता तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं.

ती जिन्याकडे धावली. एक्कावन्नाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या चढली. वर पोचली तेव्हा रेडिओवर डॉक्टरांचा आवाज येत होता, धाप लागलेला. "नाक वर जातंय. मी ढकलतोय, खाली येत नाही." त्यांच्या आवाजामागे वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा भोंगा किरकिरत होता.

मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "ट्रिम पुढे करा. चाक पुढे फिरवा."

शिकलेला कुठलाही प्रशिक्षक हेच सांगेल. डॉक्टरांनी चाक पुढे फिरवलं असणार, कारण काचेतून दिसणारं नाक आणखी वर गेलं आणि डावा पंख झुकू लागला.

बाईने मास्तरांच्या हातातला माइक अक्षरशः ओढून घेतला. "डॉक्टर, चाक मागे फिरवा. मागे. तुमच्याकडे."

"बाई, काय बोलताय," मास्तर उठले.

"मागे?" रेडिओवर डॉक्टर म्हणाले.

"मागे. तारा उलट्या बसल्यात. मी उलट्या बसवल्यात. माझं ऐका, चाक मागे फिरवा, आत्ता."

यावर उत्तर आलं नाही. नुसता भोंगा ऐकू येत होता. पुढे तिने कितीतरी वेळा हिशेब केला, ती शांतता चार सेकंदांहून जास्त नसावी. पण त्या वेळी मात्र डॉक्टरांच्या मनात काय चाललं असेल ते तिला सगळं कळत होतं. नाक वर जातंय आणि एक बाई ओरडून सांगतेय की चाक नाक वर नेणाऱ्या बाजूला फिरव. कोण ऐकेल?

मग नाक खाली आलं. आधी थोडं, मग सावकाश, क्षितिजापर्यंत. पंख सरळ झाला. भोंगा थांबला.

मास्तरांनी तिच्या हातून माइक घेतला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तसाच होता. "छान. आता चाकाला हात लावू नका. लांबून वळा आणि सावकाश उतरा. घाई नाही."

डॉक्टरांनी मोठा वळसा घेतला. चाकं जमिनीला टेकली, एकदा उसळली, परत टेकली. तेव्हा कुठे बाईच्या जिवात जीव आला, आणि लगेच दुसरीच भीती उभी राहिली.

डॉक्टर विमानातून उतरले ते दाराला धरूनच उभे राहिले. बाई समोर गेली. "डॉक्टर, चूक माझी आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मी घरी जातो." आणि टोपी विमानातच ठेवून गेले.

अर्ध्या तासाने सेक्रेटरींनी बाईला आणि मास्तरांना खोलीत बोलावलं आणि दार लावलं. "हे बघा बाई, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आपल्या रेडिओचं रेकॉर्डिंग होत नाही. तारा सरळ करा, लिहा की ट्रिम तपासला, ठीक केला. डॉक्टरांशी मी बोलतो."

ती मास्तरांकडे वळली. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिहून दिलंत तर लायसन्स जाईल. तुम्हाला माहीत आहे इकडचं."

इकडचं तिला माहीत होतं. तिकडे अशी चूक झाली तर एक साधा अर्ज असे. त्यात पहिला प्रश्न होता, 'काय घडलं?' नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, आणि ती चिठ्ठी अर्ज वाचून झाल्यावर परत यायची. महिन्याला एक पत्रक निघायचं. त्यात कोणाची टोपी इंजिनात राहिली, कोणी पेट्रोलचं झाकण विसरलं, सगळं विनानावाचं छापून यायचं. चहाच्या वेळी लोक ते वाचायचे, हसायचे आणि परत जाऊन आपलं झाकण तपासायचे. इकडच्या अर्जात पहिलाच रकाना होता, 'दोषी व्यक्तीचे नाव'. त्यामुळे इकडे अर्ज येत नसत. कागदावर बघावं तर इकडे कोणाच्या हातून कधी चूकच होत नव्हती.

"मला विचार करू द्या," ती म्हणाली. तारा मात्र तिने सरळ केल्या नाहीत. उलट त्या होत्या तशाच ठेवून फोटो काढले आणि विमानाच्या दाराला 'उडवू नये' अशी पाटी लावली. सेक्रेटरींनी ती पाटी पाहिली आणि बोलणं बंद केलं.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. हँगरमध्ये ती शिरली की गप्पा थांबत. ती दुसऱ्या एका विमानाचं साधं तेल बदलायला घेई आणि तोच बोल्ट तीन-तीनदा बघे, तरी खात्री पटत नसे. घरी तिचा नवरा, शाळेत गणित शिकवायचा, तो तिच्याकडे बघे आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढे. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "काय ठरवलंस?"

"अहो, लायसन्स गेलं तर या वयात मी दुसरं काय करणार?"

"ते मला कळतंय. मी ते नाही विचारलं."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "तिला जेवू दे रे." आणि थोड्या वेळाने, "सून माझी खोटं लिहायची नाही. तिला ते जमत नाही, अक्षर बिघडतं तिचं." तिघांनाही हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

बुधवारी सकाळी तिने अर्ज भरला. 'दोषी व्यक्तीचे नाव' या रकान्यात आपलं नाव लिहिलं. खाली 'काय घडलं' असं कुठेच नव्हतं, म्हणून तीन पानं वेगळी जोडली. तारांची टोकं जुळी का दिसतात, पट्टी बघताना डोळा कसा फसतो, आणि तिसऱ्या पायरीवरून ती कशी मागे फिरली, सगळं. अर्ज विमान खात्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. लांब टेबल, तीन खुर्च्या, पण बोलणारा अधिकारी एकच. बारीक अंगाचा, बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत असलेला. त्याने तिची तीन पानं खरोखर वाचली होती, कडेला खुणा होत्या.

"दुसऱ्याने तपासावं असा आपल्याकडे नियम नाही," तो म्हणाला. "तरी तुम्ही दीड वर्ष तपासून घेत होतात."

"हो."

"मग याच दिवशी का नाही?"

या प्रश्नाची तिने तयारी केली होती. वर्ग चालू होता, मास्तरांचे गुडघे दुखत होते, नियमाची सक्ती नव्हती. तोंड उघडलं तेव्हा यातलं काही बाहेर आलं नाही. "विचारायचा कंटाळा आला होता," ती म्हणाली. "लोक हसायचे. एक दिवस वाटलं, आज नको."

अधिकाऱ्याने टोपण पेनावर बसवलं आणि काही लिहिलं नाही. मग तो म्हणाला, "हे कोणी सांगत नाही."

लायसन्स चार महिन्यांसाठी निलंबित झालं, आणि परत मिळायच्या आधी परीक्षा. कायमचं गेलं नाही, यात त्या अधिकाऱ्याचा हात असावा असं मास्तरांना वाटत होतं. तिने कधी विचारलं नाही. सेक्रेटरींनी तिला क्लबात यायला मनाई केली नाही, पण हँगरची किल्ली मागून घेतली. किल्ली देताना तिला रडू आलं. ते तिने बाहेर रस्त्यावर येईपर्यंत थोपवून धरलं.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी फोन वाजला. अनोळखी पुरुषाचा आवाज. त्याने नाव सांगितलं नाही, कुठल्याशा दूरच्या क्लबात मेकॅनिक आहे एवढंच म्हणाला. तिच्या निलंबनाचं त्याच्या कानावर आलं होतं. "बाई, मागच्या वर्षी माझ्या हातून हेच झालं. हीच तार. पायलटने उडण्याआधी चाक फिरवताना सहज मागे वळून पट्टीकडे पाहिलं म्हणून निभावलं. मी कोणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही." मग म्हणाला, "तुम्ही लिहिलंत, म्हणून फोन केला." आणि ठेवून दिला.

ती फोनजवळच बसून राहिली. एकाच प्रकारचं विमान, एकच तार, दोन माणसं, आणि पहिल्याने तोंड उघडलं असतं तर दुसरी सावध झाली असती. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मग तिने त्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, की असा फोन आला, कोणाचा ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, पण हे दोनदा घडलंय. महिन्याभराने सगळ्या क्लबांना एक पानाची सूचना गेली. कंट्रोलच्या, म्हणजे विमान वळवणाऱ्या किंवा वर-खाली नेणाऱ्या भागांच्या, कामानंतर दुसऱ्या जाणकाराने तपासणी करावी, 'अशी शिफारस करण्यात येते'. नुसती शिफारस. सक्ती नाही. अजूनही नाही.

डॉक्टर तिच्या घरी आले ते तिसऱ्या महिन्यात, न कळवता. सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले. म्हणाले, "मला समजून घ्यायचंय, ते उलटं कसं बसतं."

तिने सुतळी आणली, दोन पेल्यांभोवती गुंडाळून तारांचा मार्ग दाखवला. मग टोकं बदलून दाखवली. डॉक्टर बराच वेळ सुतळी पुढे-मागे ओढत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "मी एकदा चुकीचा दात काढला होता. डावीकडचा काढायचा होता, उजवीकडचा काढला. चांगला दात. तेव्हापासून माझी असिस्टंट मोठ्याने वाचते आणि मी बोट ठेवून दाखवतो, मगच हत्यार उचलतो. बावीस वर्षं झाली." त्यांनी सुतळी टेबलावर ठेवली. "ते चार सेकंद मी तुम्हाला शिव्या घालत होतो. मनात. मग वाटलं, आपण चुकलो असं जी इतक्या लवकर म्हणते तिचं ऐकावं."

सासूबाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा हो डॉक्टर. आणि माझी दाढ बघा जाता जाता." डॉक्टरांनी खरंच बघितली.

लायसन्स परत आलं त्या आठवड्यात तिला किल्लीही परत मिळाली. सेक्रेटरींनी ती टेबलावर सरकवली आणि म्हणाले, "तो तुमचा रकाना आता छापूनच घेतलाय."

पहिलंच मोठं काम आलं ते पुन्हा डॉक्टरांच्या विमानाचं, पायातल्या पेडलने शेपटी डावी-उजवी वळवणाऱ्या मागच्या सुकाणूची तार. काम तिने केलं. मास्तरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दुसऱ्या सहीला डॉक्टर स्वतः आले. मालकाला ते करता येतं का, हे तिने आधी विमान खात्याच्या कार्यालयाला लेखी विचारून होकार मिळवला होता. त्यांनी दवाखान्यातला छोटा गोल आरसा आणला होता. तो आत घालून ते एकेक पिन बघत होते आणि पुस्तकातली ओळ मोठ्याने वाचत होते. ती बाजूला उभी होती, हात मागे बांधून. पाऊण तास गेला. काम नीट होतं, तिला खात्री होती. शेवटी डॉक्टरांनी पेन काढलं, तक्त्यावर टेकवलं आणि तसेच थांबले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. मधल्या दोन ओळी वाचताना माझं लक्ष नव्हतं. दवाखान्यातल्या पेशंटचा विचार करत होतो." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "परत करूया. पहिल्यापासून."

तिने सुकाणू हलवून दाखवायला पेडलपाशी जाऊन पाय ठेवला आणि त्यांनी आरसा आत घालायची वाट बघत राहिली.